छत्तीस अक्षरांची मरपाची

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" हा प्रश्न विद्युलताबाईंनी त्या नवरात्रात नवऱ्याला रोज सकाळी चहाबरोबर दिला, आणि गजेंद्र खांबेट्यांनी तो रोज चहाबरोबर गिळला. कारण खरंच कुणी सांगितलं नव्हतं. चेन्नईत पेरुंगुडीच्या त्यांच्या सोसायटीत यंदा घरोघरी कोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास, न मांडता खालच्या हॉलमध्ये सगळ्यांचा मिळून एकच मोठा कोलू मांडायचा ठरलं. नऊ पायऱ्या, चाळीस घरांच्या बाहुल्या. सभेत कुणीतरी विचारलं, की दसऱ्यानंतर कुणाची बाहुली कुठली, हे ओळखायचं कसं? अशा वेळी शहाण्या माणसानं खिडकीबाहेर बघावं. खांबेट्यांनी हात वर केला.

त्यांचाही इलाज नव्हता. अंबत्तूरच्या एका पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलेला माणूस. 'माझ्या हातून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही' हे वाक्य त्यांनी निरोपसमारंभात तीनदा म्हटलं होतं. निवृत्तीनंतरच्या दीड वर्षात घरात सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. डाळींच्या डब्यांना कोड नंबर देऊन झाले होते, आणि आमटीत तुरीऐवजी हरभऱ्याची डाळ पडल्यावर विद्युलताबाईंनी त्यांना स्वयंपाकघरातून बडतर्फ केलं होतं.

"सोपं आहे," खांबेटे सभेत म्हणाले. "एकपासून नंबर घालतो."

झालं. तिथून वांधे सुरू झाले.

एक नंबर कुणाचा? गणपतीचा, हे सगळ्यांना मान्य. पण गणपती सतरा होते. सेक्रेटरी शेषाद्रीराव म्हणजे तंजावरकडच्या मराठी घरातले, बँकेतून निवृत्त झालेले आणि आकड्यांचे भारी भाविक. त्यांचं म्हणणं, सेक्रेटरीचा गणपती आधी, हा मान पदाचा आहे, व्यक्तीचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या रंजनीबाईंचं म्हणणं, हॉलची सजावट मी करत्ये, तर माझा आधी. दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. बरं, एक नंबर लांबच राहिला, आठ नंबर घ्यायला कुणीच तयार होईना. आठ म्हणजे शनी. चेन्नईत लोक गाडीच्या नंबरात आठ येऊ नये म्हणून खटपटी करतात, तिथे देवीच्या बाहुलीला आठ? सतराही नको, एक आणि सात आठ होतात. सव्वीस नको. पस्तीस नको. शेषाद्रीरावांनी सभेतच बोटांवर मोजून नको असलेल्या नंबरांची यादी केली.

"मग फ्लॅटचा नंबर घालू," खांबेटे म्हणाले.

"आणि माझा बारका प्लास्टिकचा मोर कुणाचा ते सगळ्यांना कळू दे, असंच ना?" मागून कुणीतरी म्हणालं. तेही बारगळलं.

खांबेटे घरी येऊन कोचावर बसले ते पंख्याकडे बघत. चौतीस वर्षांत एकाही नटबोल्टनं त्यांना 'मला आठ नंबर नको' असं म्हटलं नव्हतं.

त्यांना तारलं ते लेकीनं. कौमुदी सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. ती जेवता जेवता म्हणाली, "बाबा, तुम्हाला असा नंबर हवाय ना, ज्यात कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, आणि कुणाचा कुणासारखा नाही? तो तुमच्या लॅपटॉपमध्येच आहे."

"विकत घ्यावा लागेल?"

"नाही हो. काही आणायचं नाही, काही टाकायचं नाही. विंडोजबरोबरच आलेलं असतं ते." तिनं खरकटा हात लांब धरून डाव्या हातानं लॅपटॉप उघडला, एक निळी चौकट आणली, तिच्यात एवढासा हुकूम टाइप केला आणि एंटर दाबलं. पडद्यावर आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची एक लांब माळ उमटली. मध्ये चार आडव्या रेघा. "आता पुन्हा दाबा." दाबलं. दुसरीच माळ. "पुन्हा." तिसरीच.

"आणि दोन सारख्या आल्या तर?"

"नाही येणार. तुम्ही जन्मभर दाबत बसलात तरी नाही येणार. जगात कुणाकडेच येणार नाही."

खांबेट्यांना भरून आलं. घरातल्या घरात, फुकट, रांग न लावता आणि कुणाची ओळख न काढता मिळालेली अशी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. कौमुदी म्हणाली, एका ओळीत सांगितलं तर तो सगळ्या दोनशे चौदा नगांचे नंबर एकदम काढून देईल. खांबेट्यांनी साफ नकार दिला. देवीच्या बाहुल्या आहेत, घाऊक माल नव्हे. त्यांनी दोन दिवस बसून दोनशे चौदा वेळा एंटर दाबलं. मग आणखी दोन दिवस प्रत्येक नंबर उरलेल्या सगळ्यांशी ताडून पाहिला. एकही सारखा निघाला नाही. त्यांनी लेकीला फोन करून तिचं अभिनंदन केलं. ती मीटिंगमध्ये होती.

"छत्तीस अक्षरं?" विद्युलताबाई म्हणाल्या. "अहो, बाहुल्या वीतभर आहेत."

होतं खरं तसं. जेरॉक्सच्या दुकानातून बारीक टायपात चिठ्ठ्या छापून आणल्या, तरी गणपतीच्या उंदराखाली चिठ्ठी लावली की उंदीर दिसेना. दुकानदारानं हे वायफायचे पासवर्ड आहेत असं समजून दोन हळूच टिपून घेतले. रंजनीबाईंच्या हातात त्यांच्या नंबरची पावती दिली तर त्यांनी ती झटकन पदराखाली झाकली. "खांबेटे सार, असं उघड्यावर देऊ नका! असले नंबर कुणाला सांगायचे नाहीत म्हणून बँकेचा रोज मेसेज येतो."

आणि एवढ्यावर भागेल तर ती सोसायटी कसली? शेषाद्रीरावांनी भिंग घेऊन पन्नास चिठ्ठ्या तपासल्या आणि तातडीची सभा बोलावली.

"हे नंबर कसेही आलेत म्हणता? मग तिसऱ्या गटाची सुरुवात प्रत्येक वेळी चारनंच का होते?"

सगळ्यांनी आपापल्या पावत्या काढल्या. चार. चार. चार.

"आणि खांबेटे सार राहतात," शेषाद्रीराव थांबून म्हणाले, "चौथ्या मजल्यावर."

खांबेट्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. प्रत्येकाच्या देवाखाली आपल्या मजल्याचा शिक्का मारणारा माणूस! विद्युलताबाईंनी 'तुम्हाला कुणी सांगितलं होतं का' हे नुसत्या डोळ्यांनी विचारलं. भर सभेत कौमुदीला फोन लागला, स्पीकरवर.

"तो चार मुद्दाम असतो, काका," ती म्हणाली. "हा नंबर ठरवून काढलेला नाही, आला तसा घेतलाय, अशी ती खूण असते. बाकीचं सगळं आपोआप."

"म्हणजे नशिबानं आलंय, याची सही?" शेषाद्रीरावांनी विचारलं.

"तसंच समजा."

शेषाद्रीरावांचा चेहरा पालटला. नशीब स्वतःच्या सहीनं कागद देतं ही कल्पना त्यांना फार आवडली. ते म्हणाले, एवढ्या आकड्यांत आठ एकटा पडतो, त्याचं काही चालत नाही. ठराव मंजूर झाला. खांबेट्यांनी मनातल्या मनात त्या निळ्या चौकटीला नमस्कार केला.

या सगळ्यात एकाच बाईनं त्रास दिला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या अलमेलूबाई. वय एकोणऐंशी, तंजावरी मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळचा हेल. त्यांनी आणली ती एकच वस्तू, मरपाचीची जोडी. मरपाची म्हणजे तांबड्या लाकडाच्या वीतभर नवरा-बायकोच्या बाहुल्या. लग्नात बाप लेकीला देतो, आणि त्यांच्यापासून तिचा स्वतःचा कोलू सुरू होतो. अलमेलूबाईंच्या बापानं त्या त्यांना साठ वर्षांपूर्वी दिलेल्या. आता त्या जायच्या होत्या नातीकडे, शरण्याकडे. शरण्या ऑस्ट्रेलियाला नोकरीला निघाली होती, दसऱ्यानंतर चार दिवसांनी. लग्न अजून ठरलेलं नव्हतं.

"तिच्या लग्नाला मी असेन कीं नसेन, कोणीं पाहिलंय?" अलमेलूबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं द्यायचीं, एवढंच मज मागणं. कोलू झाला कीं दे हो गजेंद्रा, जपून."

"मामी, माझ्या हातून चौतीस वर्षांत..." खांबेट्यांनी सुरुवात केली, पण मामींनी तेवढ्यात पावती परत केली.

"कागद नको. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून धुक्यांत. आणि कागद हरवतो, पाठ हरवत नाहीं. तूं सांग, मी म्हणत्यें."

मागे सात माणसं बाहुल्या घेऊन उभी. खांबेट्यांनी नंबर वाचून दाखवला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा जरा वैतागूनच वाचला आणि पावती नोंदवहीत ठेवून दिली. अलमेलूबाई ओठ हलवत गेल्या. जोडी म्हणजे एक नग, म्हणून नंबर एकच, चिठ्ठ्या मात्र दोघांच्या तळव्यांना. नुसत्या नवऱ्याला लावायला रंजनीबाईंचा विरोध होता.

कोलू मात्र बसला झकास. रंजनीबाईंनी यंदा सगळ्या मरपाचींना खोबरेल चोळलं, जुने कपडे उतरवले आणि एकजात हिरवं काठाचं रेशीम नेसवलं. अकरा जोड्या पाचव्या पायरीवर ओळीनं उभ्या. एका मांडवात अकरा लग्नं लागावीत तशा दिसत होत्या. लोक लांबून बघायला आले. खांबेटे दाराशी नोंदवही घेऊन बसत, आणि कुणी विचारलं नाही तरी नंबरांची गोष्ट सांगत.

"मामींनी नवीन स्तोत्र धरलंय वाटतं," रंजनीबाई एकदा लिफ्टमधून उतरता उतरता म्हणाल्या. "सारखं काहीतरी पुटपुटतात." खांबेट्यांचं लक्ष नव्हतं.

नवमी उजाडली. सरस्वतीपूजा. चेन्नईत हा दिवस पाळतात तो कसा, तर घरातली पुस्तकं, वह्या, पेनं, हत्यारं, जे म्हणून विद्येचं आणि पोटापाण्याचं साधन, ते सगळं देवीपुढं ठेवायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही. खांबेट्यांनी मोठ्या भक्तिभावानं लॅपटॉप पुसला, त्याला चंदनाची तीन बोटं ओढली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि हॉलमधल्या पाटावर देवीसमोर ठेवला. शेजारी नोंदवही ठेवली. नोंदवही म्हणजे लॅपटॉपातल्या यादीची हातानं केलेली नक्कल, कारण स्टोअर्सचा माणूस एका प्रतीवर कधी विसंबत नाही. दोन्ही प्रती एकाच पाटावर आल्या हे त्यांच्या लक्षात दुपारी दोन वाजता आलं.

दोन वाजता शरण्या धावत आली. तिच्या कंपनीनं तिकीट बदललं होतं. विमान आजच, गाडी चार वाजता. मागोमाग अलमेलूबाई, हातात जुनं जांभळं कापड, बाहुल्या गुंडाळायला.

"कोलू उठायच्या आधी बाहुली काढायची?" शेषाद्रीराव चपापले.

"देवी मज रागावणार नाहीं," अलमेलूबाई म्हणाल्या. "तीपण कुणाची लेक आहे. गजेंद्रा, दे माझीं."

खांबेटे पाचव्या पायरीपाशी गेले. बावीस हिरव्या बाहुल्या त्यांच्याकडे बघत होत्या. तळव्याखाली प्रत्येकीचा नंबर होता. नंबर कुणाचा, ते होतं लॅपटॉपमध्ये आणि नोंदवहीत. आणि ती दोन्ही होती सरस्वतीच्या ताब्यात.

"लिस्ट," ते पुटपुटले.

मग सल्ले सुरू झाले. हॉल भरला. रंजनीबाईंना त्यांची स्वतःचीच जोडी ओळखता येईना. इतरांच्या दहा जोड्या वेगळ्या काढून मामींची ओळखावी, तर त्यांच्या पावत्यांपैकी तीन धुण्यात गेल्या होत्या, एक किराण्याच्या यादीमागे वापरली गेली होती आणि बाकीच्यांचा पत्ता नव्हता. कौमुदीला फोन झाला. फोन तेवढा कुणी पूजेत ठेवत नाही, त्याच्यावर सरस्वती हक्क सांगत नसावी. "बाबा, तुम्ही लिस्ट मेल केली असतीत तर!" ती म्हणाली. मेल करायला तिनं सांगितलं होतं, आणि स्टोअर्सचं रजिस्टर खात्याबाहेर जात नाही असं यांनी बाणेदारपणे उत्तर दिलं होतं.

"दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर तो हुकूम पुन्हा चालवा," शेषाद्रीराव म्हणाले. "मामींचं नाव घेऊन दाबा. तोच नंबर येईल."

"नाही येणार," खांबेटे खोल आवाजात म्हणाले. "जन्मभर दाबलं तरी नाही येणार. जगात कुणाकडेच नाही येणार." नवरात्रभर ज्या गोष्टीचा त्यांनी डंका पिटला होता, ती आता त्यांच्यावरच उलटली होती.

"डेटा आहे, पण ॲक्सेस नाही," कुणीतरी म्हणालं. 'डेटा', 'लिस्ट', 'फाइल', 'बॅकअप' असे शब्द हॉलभर उडत राहिले. अलमेलूबाई मध्ये उभ्या राहून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी त्या स्वतःच पायरीपाशी गेल्या. एकेक बाहुली हातात घेतली, चांगल्या डोळ्याजवळ नेली, नाकावरून बोट फिरवलं. तेलानं सगळी सारखीच गुळगुळीत लागली. पाचव्या जोडीशी त्यांचा हात थांबला आणि खाली आला.

"मज कळत नाहीं रे," त्या हळू म्हणाल्या. "बापानं दिलेलीं, आणि मज कळत नाहींत. दे कुठलीं पण. पोरीचं विमान जाईल."

इतके दिवस खांबेट्यांना आपल्या नावाची काळजी होती. सोसायटी काय म्हणेल, शेषाद्रीराव काय म्हणतील. ते सगळं त्या क्षणी फिकं झालं. एका म्हाताऱ्या बाईनं विश्वासानं हातात दिलेली वस्तू आपण हरवली, ती समोर उभी असताना हरवली. पापच लागायचं तर लागू दे, असं म्हणून ते पाटाकडे गेले, हात जोडले, "आई, चूक माझी, शिक्षा मला कर," म्हणाले आणि लॅपटॉपवरचं झेंडूचं फूल उचललं. शेषाद्रीरावांनी डोळे मिटून घेतले. विद्युलताबाई पुढं झाल्या. वाटलं, आता तोच प्रश्न. पण त्या नवऱ्याशेजारी गुडघे टेकून बसल्या. "उघडा. मीही आहे बरोबर," म्हणाल्या.

"अय्यो, थांबा थांबा!" अलमेलूबाई ओरडल्या. "सरस्वतीला कशाला उठवतांय? त्या पेटींत असं काय आहे?"

"तुमच्या बाहुल्यांचा नंबर, मामी. तेवढा मिळाला की झालं."

अलमेलूबाईंनी सगळ्या जमावाकडे एकदा पाहिलं. "नंबर? एवढंच? तासभर तेवढ्यासाठीं ओरडतांय? तो तर मज येतो!"

आणि कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून, लहानपणी पंतोजींपुढं म्हटलं असेल तशा चालीत त्यांनी सुरू केलं:

"सात सी तीन एफ नऊ शून्य ए बी, पांच एक डी सहा. चार ई शून्य आठ, बी दोन सात ए. नऊ डी शून्य चार एफ सहा सी एक ई आठ पांच तीन!"

कुठे अडखळल्या नाहीत. जिथे आडवी रेघ होती तिथे बरोबर श्वास घेतला.

खांबेटे खाली बसून बाहुल्यांचे तळवे बघायला लागले. तळव्याचं वाचन हे वाचन धरायचं का, यावर शेषाद्रीराव विचार करतो म्हणाले, आणि विचार पुरा होण्याआधी त्यांनीच भिंग आणून दिलं. अलमेलूबाई म्हणत होत्या, खांबेटे ताडत होते. नवव्या जोडीवर अक्षर अक्षर जुळलं. चार रेघा धरून छत्तीसच्या छत्तीस.

"हीच!" खांबेटे ओरडले, आणि आपण रडतोय हे त्यांना चष्मा धुरकटल्यावर कळलं.

अलमेलूबाईंनी जोडी जांभळ्या कापडात गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं शरण्याच्या ओटीत घातली. पोरगी मराठी जेमतेम बोलायची, पण आजीच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठली नाही. चारला पाच मिनिटं कमी असताना गाडी फाटकाबाहेर पडली. रंजनीबाईंनी सगळ्यांना सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, वाटलं, आणि खांबेट्यांच्या द्रोणात दोन पळ्या जास्त घातल्या.

"मामी, तुम्ही नसतात तर," खांबेटे म्हणाले. आणि त्यांनी आपला द्रोण मामींपुढं केला.

"तूं तीनदां सांगितलंस ना? म्हणून आलं," अलमेलूबाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदां जरा रागावलास, पण सांगितलंस. कोण सांगतं हल्लीं म्हाताऱ्यांना तीनदां?"

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली आणि सरस्वतीनं लॅपटॉप परत दिला. विद्येचा पहिला धडा त्या दिवशी गिरवायचा असतो. खांबेट्यांनी नोंदवही उघडली. दोनशे तेरा नगांपुढं 'परत केले' असं संध्याकाळपर्यंत लिहून व्हायचं होतं. एका नगापुढं त्यांनी आत्ताच लिहिलं, 'शरण्या, मामींच्या हस्ते.' शेजारी अलमेलूबाई चहा पीत बसल्या होत्या.

"आतां तीं गेलीं. तो नंबर दुसऱ्या कुणाच्या बाहुलीला घालशील?"

"नाही मामी. तो आता जगात दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही. तुमच्या वडिलांच्या बाहुल्यांचाच राहील."

अलमेलूबाईंनी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मग तूंपण पाठ करून ठेव. मी काय जन्माला पुरणार आहें?"

विद्युलताबाईंनी हे ऐकलं, आणि त्या दिवसापासून चहाबरोबरचा तो प्रश्न बंद झाला. आता सकाळी बाथरूममधून पाण्याच्या आवाजाबरोबर खांबेट्यांचा आवाज येतो, "सात सी तीन एफ." कुठे अडखळले, तर स्वयंपाकघरातून विद्युलताबाई पुढचं सांगतात.